पाचव्या क्रमांकावर रिसीव्हर? हो, घ्यावा!

दर एप्रिलला एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, ड्राफ्ट जवळ आला की आमच्या ओहायोतल्या मराठी गटात एक निरोप फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय तोच: ‘पहिल्या दहांत वाइड रिसीव्हर घेणं म्हणजे संधी फुकट घालवणं. रिसीव्हर पाचव्या फेरीतही मिळतात. सामने लाइनवर जिंकले जातात. कॅन्सस सिटीने आपला रिसीव्हर टायरीक हिल दुसऱ्या संघाला देऊन टाकला आणि पाठोपाठ दोन सुपर बोल (लीगचे अंतिम सामने) जिंकले, आणखी काय पुरावा हवा?’ खाली तीन अंगठे, एक ‘अगदी बरोबर’.

नवख्यांसाठी एवढंच: चेंडू फेकतो तो क्वार्टरबॅक, पुढे पळत जाऊन झेलतो तो वाइड रिसीव्हर आणि क्वार्टरबॅकला वाचवायला समोर उभी राहते ती लाइन; तिच्या कडेचे ते टॅकल, आतले ते गार्ड. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलसारखा लिलाव नव्हे. कॉलेजातून येणारे खेळाडू संघ पाळीपाळीने उचलतात आणि गेल्या हंगामात तळाशी राहिलेल्याची पाळी आधी येते. त्यामुळे वरची निवड फसली की तिचा सल वर्षानुवर्षं राहतो.

‘पाचव्या फेरीतही मिळतात.’ मिळतात की! पुका नाकुआ 2023 मध्ये 177वा निवडला गेला आणि पहिल्याच हंगामात झेलांवर 1486 यार्ड करून बसला. आमोन-रा सेंट ब्राउन 112वा. पण हीच यादी लाइनमनची करून बघा. जेसन केल्सी 191वा. जॉर्डन मायलाटा 233वा, आणि तो तर ऑस्ट्रेलियात रग्बी खेळणारा गडी, अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना न खेळता आलेला. टॉम ब्रेडी 199वा होता, म्हणून क्वार्टरबॅक पहिल्या फेरीत घेऊ नका असं कोणी म्हणतं का? ज्यांना लॉटरी लागली त्यांची नावं सगळ्यांना पाठ; त्याच फेऱ्यांत निवडले जाऊन दोन वर्षांत घरी बसलेल्यांची कोणाला आठवतात? आणि हिलचं उदाहरण तर देऊच नये. कौटुंबिक हिंसाचाराच्या प्रकरणात कॉलेजच्या संघाने त्याला काढलं, म्हणून तो पाचव्या फेरीपर्यंत घसरला. गुणवत्ता स्वस्तात मिळते याचा तो दाखला नव्हे.

‘वर घेतलेले रिसीव्हर फुकट जातात.’ यात तथ्य आहे, नाकारत नाही. डेट्रॉइटने 2003, 2004 आणि 2005 अशी सलग तीन वर्षं पहिल्या दहांत रिसीव्हर घेतले. त्यांतला रॉय विल्यम्स तेवढा चालला. आमच्या सिनसिनाटीच्या बेंगल्सने 2017 मध्ये नवव्या क्रमांकावर जॉन रॉस घेतला. का? तर 40 यार्ड 4.22 सेकंदांत पळाला म्हणून. पहिल्या हंगामात त्याने एकही चेंडू झेलला नाही. लगेच पुढच्या पाळीला कॅन्सस सिटीने पुढे सुपर बोल जिंकून देणारा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स उचलला. (हे लिहितानाही पोटात दुखतं.) पण हा दोष स्टॉपवॉच बघून माणूस निवडण्याचा. रिसीव्हरच्या जागेवर तो कसा ढकलता?

आता मुख्य मुद्दा: ‘सामने लाइनवर जिंकले जातात.’ याची खरी परीक्षा 2021 मध्येच झाली आहे. आदल्या नोव्हेंबरात बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो याचा गुडघा फाटला होता. बेंगल्सपुढे पाचव्या क्रमांकावर दोन नावं होती, टॅकल पेनेई सूअल आणि रिसीव्हर जमार चेस. सगळं शहाणपण सूअलच्या बाजूने होतं: आधी पोराचा गुडघा वाचवा, झेलायला कोणीही मिळेल. बेंगल्सने चेस घेतला, सूअल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. त्यात ऑगस्टच्या सराव सामन्यांत चेसच्या हातून झेल सुटले आणि तो म्हणाला, इथल्या चेंडूला कॉलेजच्या चेंडूसारखे पांढरे पट्टे नसतात. झालं! नाचता येईना अंगण वाकडं, असं सगळ्यांनी त्याला धुऊन काढलं. मीही त्यांत होतो.

मग हंगाम सुरू झाला. चेसचे 1455 यार्ड, 13 टचडाउन. 2 जानेवारी 2022 ला कॅन्सस सिटीविरुद्ध एकट्याचे 266 यार्ड. त्या सामन्याच्या शेवटी तिसरा डाउन, म्हणजे चारांपैकी तिसरा प्रयत्न, होता आणि 27 यार्ड हवे होते. अशा वेळी संघ सहसा थोडं पुढे सरकून किकरला बोलावतो. बरोने बाजूरेषेलगत उंच चेंडू टाकला, चेसने अंगावर बचावपटू असताना तो 30 यार्डांवर झेलला. बेंगल्स 34-31 जिंकले आणि गटविजेते झाले. ही सोय कुठला टॅकल करून देणार होता?

आणि लाइन? ती खरोखर गळकीच होती. त्या हंगामात बरोला चेंडू फेकायच्या आत 51 वेळा पाडलं. टेनेसीने प्लेऑफमध्ये एकाच सामन्यात नऊ वेळा लोळवलं, तरी 19-16 ने बेंगल्सच जिंकले. 1991 च्या जानेवारीनंतर ज्या संघाने प्लेऑफचा एकही सामना जिंकला नव्हता, तो सुपर बोलला पोचला. तिथे सात वेळा बरो आडवा झाला आणि 23-20 ने गेलं सगळं. निरोपवाले नेमका शेवटचा डाव दाखवतात: चौथा डाउन, एक यार्ड हवा, लांब चेस बचावपटू जेलन रॅम्झीला मागे टाकून मोकळा पळतोय आणि बरोला चेंडू टाकायला उसंतच नाही. प्रतिस्पर्धी बचावपटू ॲरन डोनाल्डने त्याला पकडलेलं. ‘बघा, लाइन असती तर!’ बघितलं, पन्नास वेळा बघितलं. डोनाल्ड मधून, डाव्या गार्डच्या बाजूने शिरला. सूअल डेट्रॉइटला खेळतो तो प्रामुख्याने उजवा टॅकल. तो असता तर एक कड भक्कम झाली असती हे मान्य, त्या घुसखोरीला तो आडवा आला नसता. आणि चेस नसता तर तो डाव खेळायची वेळच आली नसती.

‘हिल गेला तरी दोन सुपर बोल.’ त्यांच्याकडे महोम्स आणि त्याचे चेंडू झेलणारा ट्रॅव्हिस केल्सी होते, हे निरोपात सोयीस्कर गळतं. पण गंमत पुढेच आहे. दुसरा करंडक जिंकल्यावर दोनच महिन्यांनी, एप्रिल 2024 मध्ये, याच कॅन्सस सिटीने 32व्या जागेवरून 28व्या जागेवर येण्यासाठी सौदा केला, तो झेवियर वर्दी या रिसीव्हरसाठी. ज्याने रॉसचा 4.22 चा विक्रम 4.21 ने मोडला, तोच.

पैशाचा हिशेब निरोपात नसतोच. पाचव्या निवडीला पगार ठरीव असतो. चेसचा पहिला करार चार वर्षांचा मिळून सुमारे 3 कोटी डॉलरचा. 2025 मध्ये त्याची बाजारभावाने किंमत झाली वर्षाला 4 कोटींच्या वर. 2024 मध्ये सूअलला मिळाले वर्षाला 2.8 कोटी. जी वस्तू बाजारात जास्त महाग, ती ठरीव भावात मिळाली तर बचत जास्त, हे किराणा भरणाऱ्यालाही कळतं.

मात्र कोणीही, केव्हाही रिसीव्हर घ्यावा असं माझं म्हणणं नाही. 2012 मध्ये डेट्रॉइटच्या कॅल्विन जॉन्सनने 1964 यार्डांचा विक्रम केला, संघ सोळांपैकी चार सामने जिंकला. 2024 मध्ये चेस झेल, यार्ड, टचडाउन तिन्हींत लीगमध्ये पहिला, आणि बेंगल्स 9-8 वर घरी, कारण बचावफळीची चाळण झाली होती. पुढच्या ड्राफ्टला त्यांनी पहिल्या फेरीत बचावासाठी शेमार स्ट्यूअर्ट घेतला. तिथे मीही रिसीव्हर मागितला नसता.