काळुंदर खायला अलेप्पीला

गोव्यात रायबंदरला आमच्या खिडकीतून मांडवी नदी दिसते. मागे माड, पुढे माड. शेजाऱ्याचा एक तर आमच्या कौलांवर वाकून रोज विचारपूस करतो. अशा घरात बसून बायकोने जाहीर केलं, "यंदा केरळला जाऊ. हाउसबोटीत राहू."

"तिथं काय असतं गो?" आतेने विचारलं.

"पाणी. आणि माड."

आतेने एकदा खिडकीबाहेर पाहिलं, एकदा बायकोकडे, आणि मुकाट्याने वालीच्या शेंगा मोडायला लागली.

तरी ठरलं, आणि तारीख काढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. जून ते सप्टेंबर पाऊस, त्यातच श्रावण आणि चवथ. ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपला पाऊस थांबला की केरळात परतीचा सुरू होतो. डिसेंबरात तिकडे दर चढलेले, आणि इकडे आमच्याच घरी पुण्या-मुंबईचे पाहुणे. (तो महिनाभर आम्ही हॉटेल चालवतो, फक्त बिल फाडता येत नाही.) फेब्रुवारीपासून मुलाची परीक्षा. उरला जानेवारी. त्यात आतेचा सोमवार, काकांचा गुरुवार, बायकोचा शनिवार. मासे न खाता केरळात जायचं तर घरी काय वाईट आहे? शेवटी बुधवार सापडला. नेत्रावती एक्सप्रेस मडगावाहून थेट अलेप्पीला जाते, एवढी एकच गोष्ट विनातक्रार जुळली.

मग हाउसबोटीचा एजंट. त्याचं हिंदी मल्याळम वळणाचं, माझं गोव्याच्या. त्यामुळे दोघांनाही आपण बरोबर बोलतोय असं वाटत होतं. बोटीत शिरायचं दुपारी बाराला, उतरायचं दुसऱ्या सकाळी नऊला. संध्याकाळी साडेपाचला बोट काठाला बांधायची, कारण रात्री मच्छीमार जाळी टाकतात. एसी रात्री नऊ ते सकाळी सहा. मी कागदावर हिशेब मांडला: 21 तासांपैकी बोट चालणार साडेपाच, त्यातही जेवायला थांबणार. उरलेले साडेपंधरा तास पाण्याकाठी डास मारत बसायचं. तो अनुभव आमच्या गाठीशी पिढीजात आहे.

मी बाजू सावरायला गेलो. म्हटलं, आते, ही मूळची भात वाहणारी होडी, केट्टुवळ्ळम. फळ्या काथ्याने शिवतात, एकसुद्धा खिळा नाही.

"खिळा नाही? आणि तू मला त्यात झोपवणार?"

विषय बदलून वेंबनाड काढलं: भारतातलं सर्वांत लांब तळं, सुमारे 96 किलोमीटर. शेजारी कुट्टनाड, तिथं समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती, बांध घालून पाणी अडवलेलं.

"खाजन म्हण की!" काका पेपरातून वर न बघता म्हणाले. आमच्याकडची बांध घातलेली खाडीकाठची शेतं म्हणजे खाजन.

आणि भात कसला? उकडा, आमच्या घरचाच. हुकमाचं पान म्हणून मी करीमीनचा फोटो दाखवला. केळीच्या पानात भाजलेला, तिकडचा मानाचा मासा. आतेने चष्मा लावला.

"अरे, ही काळुंदर! बांधाच्या दारावर, मानशीवर, गळ टाकून तुझा बापूस आणायचा ती. ही खायला रात्रभर आगगाडीत बसायचं?"

खरं होतं. मासा तोच, तिकडे त्याला हाउसबोट मिळाली, इकडे पिशवी.

तरीही बायको हटली नाही. म्हणाली, आतेंना बोट लागते का ते आधी बघून घ्या. म्हणून रविवारी आतेला पलीकडच्या चोडण बेटाच्या फेरीबोटीत बसवलं. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, त्यामुळे चाचणीचा खर्च शून्य. वारा सुटला होता, पलीकडे खारफुटीवर बगळे बसले होते. चोडण आलं, स्कूटरी उतरल्या, आते उतरली नाही. परत रायबंदर आलं, तरी नाही. तिसऱ्या फेरीला तिने पिशवीतून केळी काढली आणि शेजारच्या बाईशी सोयरीक जुळवायला घेतली.

तेवढ्यात एजंटचा फोन. ॲडव्हान्स कधी पाठवता?

"किती म्हणतो?" आतेने विचारलं. मी आकडा सांगितला. जेवणासकट, असंही सांगितलं.

आते काही बोलली नाही. फेरीबोटवाल्याला हाक मारून विचारलं, "बाबा, ही रात्री कितीपर्यंत असते रे?"