लिफ्टचे सेफ्टी पार्ट सील असतात म्हणून हात लावायचा नाही? हे कोणी सांगितलं?

'लिफ्टबद्दल कंपन्या लपवतात ती सत्यं' असा एक लांबलचक मेसेज फिरतोय. माझ्यापर्यंत तो काकूकडून आला, आणि खाली तिने लिहिलं होतं की हे खरं असेल तर आम्ही वर्षाची सेफ्टी टेस्ट बंदच करतो, उगाच खर्च. ती त्यांच्या बिल्डिंगच्या कमिटीवर आहे, म्हणजे या फॉरवर्डवर उद्या ठराव होऊ शकतो. मी लिफ्ट मेंटेनन्सच्याच लाइनमध्ये आहे, त्यामुळे वाचताना डोकं फिरलं, भाषा थोडी तिखट झाली तर चालवून घ्या.

सगळ्यात घातक वाक्य आधी घेतो. मेसेज म्हणतो, 'गव्हर्नर आणि सेफ्टी ब्लॉक फॅक्टरीतून सील होऊन येतात, ते आयुष्यभर मेंटेनन्स फ्री असतात, मेकॅनिक उघडायला लागला तर समजा पैसे काढतोय.'

सील असतं, बरोबर आहे. पण कशावर? गव्हर्नर कुठल्या स्पीडला ट्रिप होणार, म्हणजे लिफ्ट अडवायला सुरुवात करणार, ते ठरवणाऱ्या अ‍ॅडजस्टमेंटवर. कोणी शहाणपणा करून ते सेटिंग फिरवू नये एवढ्यासाठी. विजेच्या मीटरला सील असतं म्हणून कोणी वायरिंग तपासायचं सोडतं का?

गव्हर्नर म्हणजे शाफ्टच्या (लिफ्ट वर-खाली जाते त्या उभ्या पोकळीच्या) माथ्यावर किंवा मशीन रूममध्ये बसवलेली एक पुली. तिच्यावरून एक बारीक दोर खाली पिटमध्ये, म्हणजे शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात जातो, तिथे वजन लावलेल्या दुसऱ्या पुलीला वळसा घालून परत वर येतो आणि केबिनच्या एका लिव्हरला बांधलेला असतो. केबिन चालली की दोर चालतो आणि पुली फिरते. खाली जाताना स्पीड ठरलेल्यापेक्षा साधारण 15 टक्के किंवा त्याहून जास्त वाढला की पुलीतली वजनं बाहेर फेकली जातात आणि दोर जागच्या जागी पकडला जातो. केबिन अजून खाली चाललीय पण दोर थांबलाय, त्यामुळे लिव्हर ओढली जाते आणि केबिनखाली बसवलेल्या सेफ्टी ब्लॉकमधल्या पाचरी गाईड रेलला, म्हणजे केबिन ज्यांच्या आधाराने सरकते त्या उभ्या लोखंडी रुळांना, आवळतात. एवढी साखळी नीट चालली तर केबिन थांबते.

आता यात बिघडण्यासारखं काय काय आहे बघा. दोर वर्षानुवर्षं ताणून लांब होतो, मग खालचं वजन पिटच्या जमिनीवर टेकतं आणि दोर ढिला पडतो. पिटमध्ये पाणी साचतं, खालची पुली गंजते. गव्हर्नरचं बेअरिंग जाम होतं. कोणीतरी रेलला हौसेने रंग मारतो. एका ठिकाणी रिनोव्हेशनची सिमेंटची पोती लिफ्टमधून चढवली होती, नंतर आम्ही केबिनच्या खाली जाऊन बघितलं तर पाचरीच्या खाचेत रेलचं तेल आणि सिमेंटची धूळ मिसळून अक्षरशः दगड झालेला. लिव्हर हाताने ओढली तर एका बाजूची पाचर वर सरकली, दुसरी हललीच नाही. आणि लिफ्ट? रोज चालू, आवाज नाही, धक्का नाही, रहिवासी खूश.

इथेच मेसेजचा पुढचा मुद्दा पण निकालात निघतो, 'लिफ्ट स्मूथ चालतेय म्हणजे सगळं ठीक.' अहो, सेफ्टी ब्लॉक रोजच्या चालण्यात वापरलाच जात नाही ना! तो काम करतो की नाही हे लिफ्टमध्ये बसून कधीच कळणार नाही, मुद्दाम ट्रिप करून बघितलं तरच कळतं.

'टेस्ट केल्याने लिफ्ट खराब होते.' बरं, हे अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. पाचरी रेलला चावतात, तिथे ओरखडे राहतात, ते नंतर घासून साफ करावे लागतात. पूर्ण लोड टाकून फुल स्पीडला परत परत ट्रिप केली तर पार्ट झिजणारच. म्हणूनच युरोपच्या ईएन 81 स्टँडर्डमध्ये नंतरच्या ठरावीक काळाने होणाऱ्या टेस्ट रिकाम्या केबिनने आणि कमी स्पीडला करायच्या असं आहे, कारण तिथे फक्त सगळं हलतंय आणि पकडतंय एवढं बघायचं असतं. टेस्ट हलक्या हाताने करा, पण करा.

'धोका फक्त दोर तुटल्यावर, आणि दोर तर चार-सहा असतात.' दोर एकापेक्षा जास्त असतात आणि भरपूर मार्जिन ठेवून निवडतात, मान्य. म्हणून तर ते सगळे एकदम तुटणं फार दुर्मिळ. (झिजतात मात्र सगळे एकाच पुलीवर आणि एकाच वयाचे असतात, त्यामुळे तपासायचे नाहीत असा अर्थ काढू नका.) पण माणसं दोर न तुटतासुद्धा मरतात. 3 जून 2006, टोकियोच्या मिनातो भागातली एक रहिवासी इमारत. 16 वर्षांचा मुलगा सायकल घेऊन लिफ्टमधून मागे मागे बाहेर पडत होता आणि दार उघडं असतानाच लिफ्ट वर निघाली. तो केबिन आणि वरच्या चौकटीत चिरडून गेला. सगळे दोर शाबूत होते. चौकशीत निघालं की लिफ्टला मजल्यावर धरून ठेवणाऱ्या मशीनच्या ब्रेकचं लायनिंग, म्हणजे त्याचा घासणारा थर, झिजलं होतं. ब्रेक उघडणारी कॉइल कमजोर झाल्यामुळे ब्रेक पूर्ण उघडत नव्हता, लिफ्ट घासत घासत चालायची आणि लायनिंग खात राहायची. ही लिफ्टसुद्धा लोक रोज वापरतच होते.

आणि ती वर का गेली? कारण काउंटरवेट, म्हणजे दोरांच्या दुसऱ्या टोकाला लटकवलेलं वजन, रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं, केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण 40 ते 50 टक्के. आत एक-दोन माणसं असतील तर ब्रेक सुटल्यावर लिफ्ट पडत नाही, उलट वर जाते. केबिनखालचा सेफ्टी ब्लॉक साधारणपणे फक्त खाली जाताना पकडतो, तो इथे काय करणार? या अपघातानंतर जपानने 2009 मध्ये नवीन लिफ्टना दार उघडं असताना केबिन हलली तर अडवणारी वेगळी यंत्रणा सक्तीची केली. जुन्या लिफ्टमध्ये बऱ्याचदा ती नसतेच, सगळी भिस्त त्या एका ब्रेकवर. मेसेजमधलं 'लाइट गेली की ब्रेक आपोआप लागतो त्यामुळे फेल होऊच शकत नाही' हे वाक्य परत वाचा. स्प्रिंग ब्रेक मिटवते, खरंय, पण लायनिंगच उरलं नसेल किंवा ड्रमवर तेल उडालं असेल तर स्प्रिंग दाबणार कशाला?

1945 ची गोष्टसुद्धा पुरावा म्हणून टाकलीय, एम्पायर स्टेट बिल्डिंगवर विमान आदळलं, लिफ्ट 75 मजले पडली तरी आतली ऑपरेटर वाचली, 'म्हणजे लिफ्ट किती सेफ.' वाचली, पण कंबर, पाठ आणि मान मोडून. आणि लिफ्ट पडली का, तर मेन दोरांबरोबर गव्हर्नरचा दोरही तुटला होता, सेफ्टी ब्लॉकला ओढणारं कोणी उरलंच नाही. ही गोष्ट मेसेजच्या बाजूची आहे की माझ्या?

बाकीचं पटापट. 'पिटमधले बफर पडणारी लिफ्ट झेलतात', नाही, धक्का झेलणारे ते भाग नेहमीच्या स्पीडपेक्षा थोड्या जास्त स्पीडने खाली उतरलेल्या केबिनसाठी असतात, दहा मजल्यांवरून सुटलेल्या केबिनसाठी नाही. 'आदळायच्या क्षणी उडी मारा', हे तर ग्रेटच. 30 मीटर मोकळं पडलं तर स्पीड ताशी 85 किलोमीटरच्या वर जातो, तुमची उडी त्यातले जेमतेम 10 कमी करेल, आणि तो क्षण तुम्हाला बंद डब्यात कळणार कसा? शिवाय पडताना पायाखाली जोर लावायला वजनच नसतं. 'अडकलात तर हवा संपते, दार फाकवून उतरा', हे मात्र हसण्यावारी नेऊ नका. केबिन हवाबंद नसते. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या केबिनखाली उघडा शाफ्ट असतो, उतरताना पाय घसरला की थेट पिटमध्ये. अलार्म दाबा, फोन करा, वैतागत का होईना पण आतच थांबा.

ज्यांच्या कमिटीत हा मेसेज पोचलाय त्यांनी टेस्ट बंद करायच्या आधी मागचा सर्विस रिपोर्ट काढून बघा. गव्हर्नर ट्रिप करून बघितल्याची तारीख आहे का, ब्रेक लायनिंगची आणि दोराची जाडी मोजून आकड्यात लिहिलीय का, डोअर लॉकच्या सर्किटमध्ये कामासाठी टाकलेली शॉर्टची वायर (ती राहिली तर दार उघडं असतानाही लिफ्ट चालू शकते) काढली अशी नोंद आहे का. सगळ्यापुढे नुसतं 'ओके' लिहिलेलं असेल तर सही करू नका, मेकॅनिकला परत बोलवा आणि त्याच्याबरोबर एक जण वर मशीनपाशी जाऊन उभे राहा.