चाळीस देवळं आणि एक नारळ

चूक माझीच. आईबाबा पहिल्यांदाच पुण्याहून इंग्लंडला माझ्याकडे आलेले, रविवारी कुठे न्यायचं तर आमच्या मिल्टन कीन्सहून जवळ पडतं म्हणून स्टोची बाग, आणि आदल्या रात्री जेवताना मी बोलून गेलो की आई, तिथे अठराव्या शतकातली चाळीसेक देवळं नि स्मारकं आहेत. आईला त्यातलं फक्त 'देवळं' ऐकू गेलं. सकाळी बघतो तर खाली काठापदराची साडी, वर बाबांचं जॅकेट आणि पिशवीत इंडियन शॉपमधला नारळ!

पहिलं देऊळ व्हीनसचं, म्हणजे रोमन लोकांच्या प्रेमदेवतेचं. गाभारा नाही, घंटा नाही. पुढचं प्राचीन सद्गुणांचं, गोल घुमटाचं. आत चार पुतळे.

"हा कोण रे?"

"सॉक्रेटिस."

"तो विष प्यायलेला? त्याला नारळ?"

मग मी समजावलं की अगं मालकाचं आडनावच टेंपल, लॉर्ड कोबम म्हणजे रिचर्ड टेंपल, त्यांच्या घराण्याचं लॅटिन ब्रीदवाक्यच होतं की तुझी देवळं किती सुंदर, म्हणून बांधत सुटले. "म्हणजे आपले देवळेच की," बाबा म्हणाले. आई म्हणाली, "देवळ्यांनी देवळं बांधली, देव बसवायचे विसरले." पुढे वंशजांचं दिवाळं निघालं, 1848 मध्ये घरातल्या सामानाचा लिलाव 40 दिवस चालला, हे सांगितल्यावर आईने 'होणारच होतं' अशी मान हलवली. खरं देवाचं घर म्हणजे जुनं चर्च, ते बिचारं झाडीत दडवलेलं, कारण त्याच्या भोवतालचं गाव बागेसाठी उठवलं होतं.

बाबांना देवांशी देणंघेणं नव्हतं, त्यांना मेंढ्यांची काळजी. कुंपण दिसत नाही तर त्या बागेत कशा येत नाहीत? मी म्हणालो, हा-हा आहे.

"हसतोस काय?"

"हसत नाहीये, त्या चराचं नावच हा-हा आहे!" एका अंगाला उतार, दुसऱ्या अंगाला सरळ भिंत, घराकडून बघाल तर सलग हिरवळ. तपासायला म्हणून बाबा तरातरा निघाले ते एकदम काठावर थबकले, खाली बघितलं आणि खरंच "हा हा" म्हणाले. मग ग्रीशियन व्हॅलीचा उतार बघून "हे नैसर्गिक बरं वाटतं" म्हणाले, तेव्हा मला सांगावं लागलं की 1741 मध्ये इथे माळी म्हणून आलेल्या ब्राउनच्या देखरेखीखाली ही दरी फावड्याने खणून ढकलगाड्यांनी माती वाहून केलीये. नंतर बाबांनी कशालाच नैसर्गिक म्हटलं नाही, बदकांनासुद्धा.

एव्हाना आईची साडी घोट्यापर्यंत भिजलेली, नारळ आळीपाळीने तिघांच्या हातात. आणि तळ्याशी आलो तर ती थांबलीच. बेटावर छोटा पिरॅमिड, टोकावर माकड.

आईने सँडल काढल्या, ओल्या गवतात! "मारुतीराया! हातात द्रोणागिरी बघ."

"अगं, आरसा आहे तो," बाबा.

हे 1736 चं विल्यम काँग्रीव्हचं स्मारक, तो विनोदी नाटकं लिहायचा, वगैरे मी सांगत होतो, पण तिचे डोळे मिटलेले. मध्ये पाणी, त्यामुळे नारळ काही वाढवता आला नाही, बाबांची "इथूनच फेक" ही सूचना दोन्ही पक्षांनी फेटाळली.

रात्री त्याची चटणी झाली. पानावर बसता बसता आई म्हणाली, "शेपटी होती का रे त्याला, नीट आठवून सांग."