हात धुवा म्हणता, मग नळाला पाणी द्या!

पावसाळा लागला की ठाण्यात जिकडेतिकडे बोर्ड लागतात. हात धुवा. खोकताना तोंडावर रुमाल धरा. पाणी साचू देऊ नका. गर्दी टाळा. उघड्यावर थुंकू नका. बोर्डावर साहेबांचा फोटो हातभर आणि मजकूर बोटभर. त्या बोर्डाखाली उभं राहून आजूबाजूला बघावं तर हात धुवायला नळ नाही, थुंकायला बेसिन नाही आणि गर्दी टाळायला दोन फूट मोकळी जागा नाही. खरंच सांगते, डोकं फिरतं माझं.

माणसांनी जे करावं असं तुम्हाला वाटतं, ते करायची सोय आधी त्या जागेत करा. सोय न करता लोकांना नुसतं झापत राहणं हा अन्याय आहे, आणि साथीच्या दिवसांत तो जिवावर बेततो.

गेल्या आठवड्यात बाबांना घेऊन दवाखान्यात गेले होते. कुठला ते लिहीत नाही, कारण अशी अवस्था अनेक ठिकाणी आहे. बाबांना जुना दमा, त्यात आठवडाभराचा खोकला. केस पेपरची खिडकी एकच, तीसुद्धा जिन्याच्या तोंडाशी. वर जाणारे, खाली येणारे, औषधं घ्यायला वळणारे आणि केस पेपरच्या रांगेतले, सगळे चार फुटांच्या पट्ट्यात एकमेकांना घासत उभे. तापाने फणफणलेलं पोर कडेवर घेतलेली बाई, तिच्या मागे दिवस भरत आलेली एक मुलगी, तिच्या मागे माझे बाबा खोकतायत. ती मुलगी पदर नाकाला लावून अंग चोरत होती आणि बाबा ओशाळून भिंतीकडे तोंड करून खोकत होते. दोघांचाही काडीचा दोष नाही. रांग तिथे लावायचं ज्याने ठरवलं त्याचा दोष आहे.

आतली बसायची खोली तर त्याहून वाईट. नूतनीकरणात तिथल्या उघडणाऱ्या खिडक्या काढून अखंड काच बसवलीय. भिंतीवरचा एसी खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो, बाहेरची ताजी हवा आत येतच नाही. मी वॉर्डबॉयला म्हटलं, "दादा, एखादी खिडकी उघडा ना, सगळे खोकतायत."

तो म्हणाला, "ताई, उघडतच नाही ती. फिक्स आहे. आमचंच दिवसभर डोकं दुखतं इथे."

क्षय, गोवर, कोविड, सगळे हवेतून पसरणारे आजार. २०२२ मध्ये गोवंडीत आणि इथे आपल्या भिवंडीत गोवराची साथ आली होती, लहान मुलं गेली. आणि आपण आजाऱ्यांच्या खोलीची खिडकी कायमची बंद करून टाकतो! पेरू देशात लिमा शहरातल्या आठ रुग्णालयांत संशोधकांनी खोल्यांमधली हवा मोजली होती. २००७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. नुसत्या खिडक्या आणि दारं सताड उघडी ठेवली तर तासाला साधारण २८ वेळा खोलीतली हवा बदलत होती. यंत्र लावून हवा खेळवायची म्हटली तर तासाला १२ वेळा बदलणं चांगलं मानतात. उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या जुन्या इमारती नव्यांपेक्षा सरस ठरल्या. म्हणजे या कामाला पैसे लागतच नाहीत, खिडकीची कडी लागते. आपण पैसे खर्च करून ती कडी काढून टाकली.

त्या दवाखान्याच्या बाजूला मोकळं पटांगण आहे, चांगली झाडाची सावली आहे. तिथे गाड्या लागतात. एक पत्र्याची शेड, पाच-सहा बाकडी आणि नंबर पुकारायला एक स्पीकर, एवढं केलं असतं तर खोकणारी माणसं मोकळ्या हवेत बसली असती. पटांगण गाड्यांना आणि कोंदट खोली माणसांना, हे कोणाच्या डोक्यातून येतं?

आता नळ. बाजारातला, स्टेशनबाहेरचा, स्वच्छतागृहातला, कुठलाही घ्या. आधी तर पाणीच नसतं. पाणी असलं तर तो दाबायचा नळ असतो, हात काढला की बंद होणारा. साबण लावून वीस सेकंद हात चोळा असं बोर्ड सांगतो. एका हाताने नळ दाबून धरायचा आणि दुसरा हात एकटाच स्वतःला चोळणार कसा? मग हात बदला, म्हणजे धुतलेल्या हाताने पुन्हा तोच घाणेरडा नळ दाबा. हा नळ ज्याने निवडला त्याने एकदा तरी त्याच्याखाली हात धरून बघितला होता का? पाणी वाचवायचंय हे मला कळतं. त्यासाठी पायाने दाबायचा नळ असतो. दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाय काढला की पाणी बंद.

साबण तर विचारूच नका. बायकांच्या स्वच्छतागृहात दारातच पैसे मागतात. आत कडी मोडलेली, बादली फुटलेली, बेसिनवर साबणाची रिकामी बाटली. बाहेर आल्यावर साबण मागितला तर काउंटरवरचा माणूस आपल्याकडे बघतसुद्धा नाही. पाळीच्या दिवसांत, लेकरू सोबत असताना, पावसात चिखलाने बरबटलेले हात घेऊन बाईने काय करायचं? बाटलीतलं पिण्याचं पाणी हातावर ओतून घ्यायचं. आम्ही वर्षानुवर्षं तेच करतोय.

२०२० मध्ये हे सगळं जमलं होतं, म्हणून जास्त राग येतो. कोविडच्या पहिल्या लाटेत पायाने दाबायचे नळ चौकाचौकांत उभे राहिले होते. दुकानांपुढे चुन्याने गोल आखले होते आणि लोक त्या गोलात निमूट उभे राहत होते. साथ ओसरली आणि ते नळ वाऱ्यावर सोडले. आमच्या मंडईजवळचा एक अजून उभा आहे. टाकीला चीर गेलीय, बेसिनमध्ये चहाचे कागदी कप आणि गुटख्याच्या पुड्या, पेडल चोरीला गेलेलं. बाजूला बसणारी भाजीवाली मावशी सांगत होती की पहिला महिनाभर एक माणूस येऊन पाणी भरून जायचा, नंतर कोणी फिरकलं नाही. ती मावशी दिवसभर मातीची भाजी हाताळते, त्याच हाताने नोटा घेते, त्याच हाताने डबा खाते. तिला हात धुवायचे नाहीत असं कोणाला वाटतं?

त्याच काळात आपण बागांना कुलपं लावली होती. मोकळी हवा, ऊन, लांब लांब बसायची जागा, साथीत माणसाला जे हवं ते सगळं जिथे होतं तिथे कुलूप. आणि वन बीएचकेत सहा-सात माणसं कोंडलेली. पहिल्या काही आठवड्यांत घाबरून लावली असतील, ते मी समजू शकते. पण नंतर कितीतरी महिने? त्यातून काही शिकलो असतो तर आज प्रत्येक बागेची सगळी फाटकं उघडी असती. आमच्याकडे अजूनही तीन फाटकांना कुलूप आणि एकातून सगळ्यांनी आत-बाहेर करायचं.

बांगलादेशातल्या खेड्यांतल्या दोन प्राथमिक शाळांत काय केलं ते प्रत्येक अभियंत्याला पाठ करायला लावलं पाहिजे. शौचालयापासून हात धुवायच्या जागेपर्यंत रंगीत फरशीची वाट केली, वाटेवर पावलं रंगवली, नळापाशी हाताचे ठसे रंगवले. भाषण नाही, पोस्टर नाही. शौचाहून आल्यावर साबणाने हात धुणारी मुलं आधी शंभरात चार होती, दुसऱ्याच दिवशी अडुसष्ट झाली आणि सहा आठवड्यांनी चौऱ्याहत्तर. पण तिथे आधी पाणी आणि साबण ठेवला होता, हे विसरू नका. नाहीतर आपल्याकडे उद्या कोरड्या नळापर्यंत पावलं रंगवून फीत कापतील.

परदेश कशाला, आपलंच बघा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट उभा राहिला. समुद्राची हवा दाट वस्तीत शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीटसारखे रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याच्या वसाहती आखल्या. त्यात गरिबांची घरं पाडली, त्यांना धड दुसरीकडे वसवलं नाही, हे पाप त्यांच्या माथी आहेच. पण साथीनंतर शहराचा नकाशा बदलावा लागतो एवढी तरी समज होती. एवढा कोविड येऊन गेला, आपल्या ठाण्यात कुठला फूटपाथ रुंद झाला? रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे फूटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी वाट हवी. घोडबंदर रोडला एकदा पायी चालून या आणि मग मला सांगा.

डासांचंही तेच. कुंडीखालच्या ताटलीत पाणी दिसलं की सोसायटीला नोटीस. आणि नव्या कोऱ्या फूटपाथचे पेव्हर ब्लॉक वर्षभरात खचून त्यात जागोजागी डबकी, बांधकामाच्या खड्ड्यांत महिनोन्महिने पाणी. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आठ-दहा दिवसांत त्याचा उडता डास होतो. उताराचं गणित चुकवलेल्या ठेकेदाराला नोटीस कधी जाते?

आणि हे सगळं बोललं की एक वाक्य ठरलेलं. "आपल्या लोकांना शिस्तच नाही हो." सोसायटीच्या ग्रुपवर हे लिहिणाऱ्या प्रत्येक काकांना मी विचारते, तुम्ही शेगावला गेला आहात ना? तिथे कोण थुंकतं? कोण कचरा टाकतो? आपल्याच ठाण्या-कल्याणहून गेलेली माणसं तिथे तासन्‌तास रांगेत उभी राहतात. कारण तिथे रांगेत बसायला जागा आहे, प्यायला पाणी आहे, स्वच्छतागृह धुतलेलं आहे आणि सेवेकरी सतत झाडत असतात. देवळाच्या वाटेवरच पाय धुवायला पाणी असेल तर माणूस न सांगता पाय धुतो.

गुटखा खाऊन जिन्यात पिचकाऱ्या मारणाऱ्यांची बाजू मी घेत नाही, त्यांना दंड करा, मला आनंदच आहे. पण माझ्या बाबांना खोकल्याची उबळ येते, कफ तोंडात येतो. त्या दिवशी रुमालात घेतला, रुमाल पिशवीत घातला, आणि हात तसेच. दवाखान्यात! आजारी माणसाने कफ टाकायचा कुठे, याचं उत्तर "थुंकू नका" हे नाही. वाहत्या पाण्याचं बेसिन हे उत्तर आहे.

मी लेखी अर्ज दिलाय. तो घेणारा कारकून भला माणूस होता, खरं ते बोलला. "मॅडम, नळ बसवायला पैसे मंजूर होतात. साबण भरायला आणि तोटी बदलायला होत नाहीत." म्हणजे उद्घाटनाला पैसा आहे आणि दुसऱ्या दिवसाला नाही. मग नळ बसवतानाच पुढच्या पाच वर्षांच्या साबणाचे, प्लंबरचे आणि सफाईचे पैसे त्याच टेंडरमध्ये धरा. दवाखान्याची निदान एका बाजूची काच काढून उघडणारी खिडकी लावा, केस पेपरची रांग जिन्यातून उचलून पटांगणात न्या. आणि प्रत्येक नळावर, साहेबांच्या फोटोच्या जागी, तो चालू ठेवायची जबाबदारी ज्याची आहे त्याचं नाव आणि फोन नंबर मोठ्या अक्षरांत लिहा. पाणी आलं नाही की मी त्याला फोन करणार, आणि येईपर्यंत रोज करणार.