टॅपिंग, माजी सैनिक आणि ‘बुवाबाजी’ : धुळ्याच्या डॉक्टरांना उत्तर

डॉक्टर, माजी सैनिकांसाठीच्या टॅपिंगवरचा लेख वाचून तुम्ही धुळ्याहून कडक शब्दांत लिहिलंत. कपाळ-हनुवटीवर बोटं आपटून युद्धाचा आघात जात नाही, खान्देशात भगत आणि उतारे कमी होते म्हणून मी त्यात आणखी एक भर घातली, आता लेख काढून टाका, असं तुमचं म्हणणं.

मेरिडियन, म्हणजे शरीरातून ऊर्जा वाहून नेतात असं मानलेल्या वाहिन्या, त्यांच्याबद्दल माझा तुमच्याशी वादच नाही. रॉजर कॅलहॅन यांनी १९८० च्या दशकात या वाहिन्यांवरच्या बिंदूंवर टॅप करायची कल्पना मांडली, गॅरी क्रेग या अभियंत्याने पुढच्या दशकात ती सोपी करून ‘ईएफटी’ (इमोशनल फ्रीडम टेक्निक्स) म्हणून पसरवली. पण अशा वाहिन्या शरीरात आहेत हे कोणी सिद्ध केलेलं नाही. उलट २००३ साली ११९ विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगात काहींनी ठरलेल्या बिंदूंवर, काहींनी हातावर भलत्याच जागी, तर काहींनी बाहुलीवर टॅप केलं. तिन्ही गटांची भीती कमी झाली. नुसतं कागदाचं खेळणं करत बसलेल्यांची झाली नाही. म्हणजे जागेचं महत्त्व संपलं. पण काहीतरी घडलं, हेही त्याच प्रयोगाने दाखवलं. माझ्या मते भीतीची आठवण मनात आणायची आणि त्याच वेळी शरीर एका संथ, ओळखीच्या हालचालीत गुंतवायचं, एवढंच त्यातलं खरं औषध असावं. आघाताच्या प्रस्थापित उपचारांतही त्या आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जावंच लागतं.

सैनिकांवरचा पुरावा तुम्ही मागितलात. २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ५९ माजी सैनिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तासाभराच्या सहा बैठकांनंतर टॅपिंग गटातले ९० टक्के लोक आघातानंतरच्या मानसिक आजाराच्या (पीटीएसडी) निकषात बसेनासे झाले, टॅपिंगसाठी प्रतीक्षेत ठेवलेल्या गटातले ४ टक्के. आकडा मोठा आहे, पण मी त्यावर नाचणार नाही. गट लहान, मोजमाप सैनिकांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावलीवरचं, तुलना दुसऱ्या उपचाराशी नाही, आणि मुख्य संशोधक डॉसन चर्च स्वतःच ईएफटीचे प्रशिक्षक. एवढ्यावर मी कोणाची गोळी बंद करायला सांगणार नाही.

मग लिहिलं का? आपल्याकडचा माणूस दवाखान्यात येतो कुठे, डॉक्टर! चाळीसगाव तालुक्यातले एक निवृत्त हवालदार दिवाळीचे चार दिवस गाव सोडून केळीच्या मळ्यात झोपतात. विहिरीवरची मोटर चालू असली की फटाके ऐकू येत नाहीत. लग्नाचा डीजे लागला की उठून चालू पडतात. घरचे म्हणतात तापट आहे, गाव म्हणतं पितो, कोणी म्हणतं बाहेरचं लागलंय. आणि ते स्वतः? “माले काही व्हयेल नही.” अशा माणसाला पहिल्याच दिवशी ‘काय पाहिलंत ते सांगा’ म्हटलं, तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. टॅपिंगमध्ये प्रसंग मोठ्याने सांगावा लागत नाही. त्रास शून्य ते दहा यांत किती, एवढा आकडा सांगायचा, मग तळहाताची कड, भुवई, डोळ्याखाली, हनुवटी, गळ्याखालचं हाड, पुन्हा आकडा. त्यांनी पहिल्यांदा तोंडातून काही काढलं, तो हा आकडा होता.

तिथून पुढे त्यांना तुमच्यासारख्यांकडे न्यायचं असतं. भगताशी तुलना मला बोचली ती याचसाठी. भगत म्हणतो, दवाखान्याचं औषध सोड. मी ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं कार्ड काढायला लावतो, पॉलिक्लिनिकपर्यंत सोबत जातो, रात्री-अपरात्रीसाठी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर बायकोच्या मोबाइलमध्ये भरून देतो. आत्महत्येचे विचार, भ्रम किंवा भरपूर दारू असेल तर टॅपिंगला हातच लावत नाही, आधी मानसोपचारतज्ज्ञ. हे मूळ लेखातही आहे, कृपया शेवटचे दोन परिच्छेद वाचा.

म्हणून लेख काढणार नाही. तुमची प्रतिक्रियाही काढणार नाही. हजार रुपये घेऊन ‘एका बैठकीत बरे’ म्हणणाऱ्यांना ती लागू पडते, आणि तसे लोक आहेत. आता एक मागणं. महिन्यातून एक सकाळ तुम्ही माजी सैनिकांसाठी राखून ठेवाल का? अमळनेर-पारोळ्याकडून त्यांना घेऊन येणं माझ्याकडे लागलं. वार तेवढा कळवा.