"जपानला अमेरिकेने सुधारलं" या फॉरवर्डबद्दल थोडं सविस्तर

आठवड्याभरात तीन ग्रुपवर तोच मेसेज आला म्हणून लिहितोय. मेसेज असा: 1945 ला जपान बेचिराख झाला होता, अमेरिकेने 7 वर्षं ताब्यात घेतला, लोकशाही शिकवली, श्रीमंत केलं, लोक खूष होते, मग अमेरिका निघून गेली, म्हणजे शहाण्या देशाने लष्करी ताबा घेतला तर देशाचं भलंच होतं. एकेक मुद्दा घेतो.

"लोकशाही शिकवली." अहो, जपानची संसद 1890 पासून होती, सगळ्या प्रौढ पुरुषांना मताचा हक्क 1925 ला मिळाला होता, आणि बायकांच्या मतासाठी इचिकावा फुसाएसारख्या बायका 1920 च्या दशकापासून झगडत होत्या. एप्रिल 1946 च्या निवडणुकीत 39 बायका निवडून आल्या ना, त्या काय सहा महिन्यांत तयार झाल्या का? लष्करशाहीने दाबून ठेवलेलं बरंच काही ताबा आल्यावर मोकळं झालं, हे खरंय. 1947 ची राज्यघटना आणि जमीन सुधारणा ही मोठी कामं होती हेही मान्य. पण रोजचा कारभार जपानचंच सरकार, जपानचेच कारकून चालवत होते, अमेरिकन वरून हुकूम द्यायचे. इराकमध्ये 2003 ला नेमकं उलटं केलं, मे महिन्यात आधी सद्दामच्या बाथ पक्षाची माणसं नोकरीवरून काढली आणि आठवड्याभरात अख्खं सैन्यच बरखास्त केलं, पुढे काय झालं ते सगळ्यांनी बघितलं. तेव्हाही जपानचंच उदाहरण दिलं जात होतं. जपानच्या त्या काळावर आयुष्यभर काम केलेले इतिहासकार जॉन डाउअर यांनी 2002 मध्येच लिहून सांगितलं होतं की इराकसाठी जपान हे मॉडेल नाही.

राज्यशास्त्रवाले हा प्रश्न बघतात तेव्हा एकट्या जपानवर थांबत नाहीत, 1815 नंतरचे ताबे एकत्र मांडून बघतात. डेव्हिड एडेलस्टाइन यांनी हे काम केलंय आणि त्यात फसलेले ताबे यशस्वी ताब्यांपेक्षा जास्त निघाले. कॅरिबियनमधला हैती हा देश अमेरिकेच्याच ताब्यात 1915 ते 1934 अशी 19 वर्षं होतं, तिथे रस्ते झाले, पण ते शेतकऱ्यांना वेठीला धरून, आणि त्यावरून बंड पेटलं. हैतीचं नाव फॉरवर्डमध्ये का नसतं?

"श्रीमंत केलं." हे पटकन उरकतो. 1949 ला महागाई रोखायला इतकी कडक काटकसर लादली गेली की धंदे बसायला आले, टोयोटासुद्धा 1950 ला बुडायच्या बेताला होती. मग जूनमध्ये कोरियन युद्ध सुरू झालं आणि अमेरिकन लष्कराच्या ट्रकच्या ऑर्डरी आल्या. शेजारच्या युद्धातून आलेला पैसा ताब्याच्या खात्यात कसा जमा करणार?

"लोक खूष होते, कोणाची तक्रार नव्हती." या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. सप्टेंबर 1945 पासून छापील मजकुरावर ताबा घेणाऱ्यांची सेन्सॉरशिप होती, आणि सेन्सॉरशिप आहे हेही छापायला बंदी. अणुबॉम्बने माणसांचं काय झालं त्यावरचं लिखाण कापलं जायचं. सेन्सॉरकडे गेलेली ती पुस्तकं, मासिकं, पेपर आज मेरीलँड विद्यापीठात जपून ठेवलेत, साहित्याचे अभ्यासक तिथे बसून मूळ मजकुरातलं काय कापलं ते ओळीओळीने शोधतात. वैद्यकीय बाजू त्याहून वाईट. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांना तपासायला अमेरिकेने आयोग नेमला, त्याचं धोरणच "फक्त तपासायचं, उपचार करायचे नाहीत" असं होतं. रेडिएशनमुळे कॅन्सर कसा होतो हे जगाला बरंचसं याच लोकांच्या शरीरावरून कळलं. ते ज्ञान आपण सगळे वापरतो, मीही, पण म्हणून त्या माणसांना काय वाटलं असेल हा प्रश्न संपत नाही.

(या ताब्यात आपलीही माणसं होती. ब्रिटिश कॉमनवेल्थच्या फौजेतून भारतीय तुकड्या 1946-47 ला जपानमध्ये होत्या, त्यात मराठा लाइट इन्फंट्रीची एक बटालियन. कोणाच्या घरी आजोबांची पत्रं असतील तर प्लीज जपून ठेवा.)

"7 वर्षांत निघून गेली." मुख्य जपानमधला ताबा एप्रिल 1952 ला संपला. ओकिनावा या दक्षिणेकडच्या बेटांवरचा संपला 15 मे 1972 ला, म्हणजे 27 वर्षांनी. ज्या राज्यघटनेचं कौतुक चाललंय ती तिथे एवढी वर्षं लागूच नव्हती, आणि 1950 च्या दशकात बंदुका घेऊन, बुलडोझर लावून शेतजमिनी लष्करी तळांसाठी घेतल्या. ताबा घेणारे तेच, युद्ध तेच, निकाल मात्र वेगळा, कारण तिथे त्यांना तळ हवे होते. ओकिनावा म्हणजे जपानची 0.6 टक्के जमीन, पण जपानमधल्या फक्त अमेरिकन वापरातल्या तळांचं जवळपास 70 टक्के क्षेत्र आजही तिथेच आहे. घराच्या छपरावरून लढाऊ विमानं जातात, लोक कोर्टात जातात, मोर्चे काढतात, गव्हर्नर निवडतानाही मुद्दा तळांचाच असतो, आणि आपल्या ग्रुपवर मेसेज येतो की अमेरिका निघून गेली.