मेनूमागची आज्ञा दिसली पाहिजे
‘सीडीईसारखा सामायिक डेस्कटॉप आला आणि नवख्यांसाठी युनिक्स वर्कस्टेशन सोपे झाले’ हे लेखातील विधान वापरापुरते मला मान्य आहे, देखभालीपुरते मुळीच नाही. १९९३ मध्ये एचपी, आयबीएम, सन आदी कंपन्यांनी ज्याची घोषणा केली, त्या सीडीईमुळे (कॉमन डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट, म्हणजे युनिक्ससाठीचा खिडक्या आणि चिन्हांचा सामायिक पडदा) फाइली उघडणे आणि ईमेल वाचणे सुकर झाले. पण डिस्क भरली किंवा प्रिंटरची रांग अडली की नवखा माणूस पुन्हा आज्ञा टाइप करायच्या टर्मिनलपाशीच येई.

एआयएक्स या आयबीएमच्या युनिक्स प्रणालीतील ‘स्मिट’ या मेनूवर चालणाऱ्या देखभाल-साधनाचा लेखात साधा उल्लेखही नसावा, याचे आश्चर्य वाटले. नव्वदच्या दशकात आयबीएमची आरएस/६००० यंत्रे सांभाळायला मी शिकलो तो त्याच्याच आधाराने. फाइल सिस्टिमचा आकार मेनूतून वाढवताना, एंटर दाबण्यापूर्वी एफ६ दाबले की प्रत्यक्ष चालणारी ‘सीएचएफएस’ आज्ञा जशीच्या तशी समोर दिसे; शिवाय चालवलेल्या आज्ञा ‘स्मिट.स्क्रिप्ट’ या फाइलीत साठत असल्यामुळे काल केलेले काम आज वहीत उतरवून घेता येत असे. काही महिन्यांतच मेनू उघडण्याआधी आज्ञा बोटांवर येऊ लागली. (काम फसले की स्मिटच्या चित्रमय आवृत्तीत पडद्यावर धावणारा माणूस तोंडावर आपटे, त्याचा अर्थ कळायला मॅन्युअल लागत नसे.) याउलट, केवळ ‘ओके’चे बटण देऊन आज्ञा झाकून ठेवणाऱ्या साधनांवर शिकलेले माझे काही सहकारी, ग्राफिक्स सुरूच होईना त्या दिवशी, काळ्या पडद्यासमोर पहिला शब्द कोणता टाइप करावा या प्रश्नापाशी अडलेले मी पाहिले आहेत.